पुलाखालचं शून्य

तीन बहिणींतली ती मधली. घरात तिला सगळे मधलीच म्हणत, आणि पुढे सगळं आयुष्य ती कशाच्या ना कशाच्या मध्येच राहिली, त्यामुळे दुसरं नाव कुणाला सुचलंही नाही. थोरली डॉक्टर झाली, धाकटी गाणं शिकवायला लागली. त्या दोघी काय करतात हे कुणालाही एका दमात सांगता येई. मधलीचं मात्र तिथेच घोडं अडायचं. चार पाहुणे जमले की एखादी आत्या विचारायचीच, "अगं, पण तू नेमकी प्रोफेसर कशाची?" मधली तोंड उघडायच्या आत थोरली म्हणायची, "आत्या, आधी नीट टेकून बसा. याला वेळ लागतो."

आईने यावर आपल्यापुरता तोडगा काढला होता. शेजारणींना ती सांगायची, "पाणी मोजते आणि भांडणं मिटवते." मधलीला तेव्हा हसू यायचं. पुढे एकदा विद्यापीठाने तिच्याकडे तिच्याच कामाचं दोनशे शब्दांत वर्णन मागितलं, तेव्हा तिने चार दिवस खर्डेघाशी केली, आणि मग लक्षात आलं की आईने ते पाच शब्दांत कधीच उरकलं होतं.

सुरुवात चिखलातून झाली. नदी वर्षाला किती गाळ वाहून नेते, याचा तिने पदवीनंतर अभ्यास केला. गाळ मोजायचा तर पाणी मोजायला हवं, म्हणून पाण्याकडे वळली. पाण्याचे आकडे हाती आले, पण ते काय सांगतात ते कळेना, म्हणून संख्याशास्त्राची परीक्षा दिली. मग तिच्या ध्यानात आलं की आपली नदी सरहद्द ओलांडून शेजारच्या देशात जाते, आणि तिथे कुणाचं पाणी किती हे शास्त्र ठरवत नाही, करार ठरवतात. झालं. वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी बाई कायद्याच्या वर्गात पहिल्या बाकावर जाऊन बसल्या. पहिल्या दिवशी मुलं तिला शिक्षिका समजून उभी राहिली, आणि तिनेही सवयीने "बसा, बसा" म्हटलं. करार वाचता यायला लागले, तर पलीकडची माणसं आपसात काय कुजबुजतात ते कळेना, म्हणून त्यांची भाषा शिकली. एका दाराची किल्ली शोधायला निघायचं आणि चार दारं उघडी टाकून यायचं, हा तिचा स्वभावच होता.

असली माणसं विद्यापीठाला पचत नाहीत. विज्ञानवाले म्हणत, "मॅडम आता कायद्याचं बघतात." कायदेवाले म्हणत, "मॅडम मूळच्या चिखलातल्या." दोघंही आदरानेच म्हणत, पण खुर्ची कुणी देईना. शेवटी दोन इमारतींमधल्या व्हरांड्यातली, पूर्वी जुने नकाशे ठेवायची खोली तिच्या वाट्याला आली. खिडकीखाली सायकल स्टँड होता. दिवसभर घंट्यांची किणकिण, आणि मधूनच एक सायकल पडली की तिच्या मागोमाग सगळी रांग. दारावर पाटी नव्हती, कारण पाटीवर नावाखाली विभाग लिहावा लागतो, आणि विभाग कोणता हे गेली तेवीस वर्षं ठरत होतं. मुलं एकमेकांना सांगत, "बिनपाटीच्या खोलीत जा." मधली स्वतःही त्यावर विनोद करायची. पण भूगोलवाल्यांच्या पितळी पाटीवरून जाताना तिची नजर पळभर रेंगाळायची, आणि ते फक्त तिच्या नवऱ्याला माहीत होतं.

नवरा सर्वेक्षण खात्यात नकाशे काढायचा. त्या दोघांची गाठ पडली तीही नदीवरच. एकतीस वर्षांपूर्वी मोठा पूर आला आणि सरहद्दीजवळच्या पुलाच्या खांबावरची मोजपट्टी वाहून गेली. मोजपट्टी म्हणजे खांबाला उभी ठोकलेली, सेंटिमीटरच्या खुणांची लांब लोखंडी पट्टी. पाणी कुठल्या खुणेला टेकलंय ते वाचलं की नदीची पातळी कळते. पट्टीचं शून्य कुठे असावं हे दाखवायला खांबात अगदी खाली एक पितळी खिळा ठोकलेला होता. नवी पट्टी बसवायला पाटबंधारे खात्याने मधलीला पाठवलं, आणि जागेचं चित्र काढायला सर्वेक्षण खात्याने त्याला. ती होडीत उभी राहून मापं ओरडत होती, तो काठावरच्या दगडावर बसून ती कागदावर घेत होता. पुराने खिळा तेवढा सोडून खांबाचा खालचा भाग खरवडून नेला होता, त्यामुळे नवी पट्टी जुन्या खिळ्यापासून थोडी वर बसवावी लागली.

"चौदा सेंटिमीटर!" ती ओरडली. वाऱ्याने ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा ओरडली, आणि पुन्हा.

"चौदा वेळा ऐकलं!" तो काठावरून ओरडला.

होडी काठाला लागेपर्यंत आपला निम्मा संसार ठरला होता, असं तो पुढे सगळ्यांना सांगायचा. ती म्हणायची, "निम्मा नाही हो, पाव." लग्नात त्याने त्या चित्राची एक सुबक प्रत काढून, काच लावून तिला भेट दिली. पुलाचा खांब, खाली पितळी खिळा, त्याच्या वर नव्या पट्टीचं शून्य, आणि दोन्हींच्या मध्ये एक छोटा बाण: चौदा. हे चित्र स्वयंपाकघरात जेवणाच्या टेबलासमोर लागलं. नव्या पट्टीचे आकडे जुन्यांशी जुळवून घ्यायचं कोष्टक मधलीने त्याच आठवड्यात तयार करून खात्याला दिलं होतं. होडीतल्या त्या दुपारनंतर तिचं चित्त कितपत थाऱ्यावर होतं देव जाणे, पण पुढे एकतीस वर्षं खातं त्याच कोष्टकातून आकडे काढून छापत राहिलं.

त्यानंतर वर्षभरातच पलीकडच्या देशाने कुरबुर सुरू केली. पुलाच्या आठ किलोमीटर खाली त्यांची स्वतःची मोजपट्टी होती. त्यांचं म्हणणं असं, की पुलाखाली जेवढं पाणी तुम्ही सांगता, त्याहून आमच्याकडे जास्त येतं. पूर आला की तुम्ही आकडे दाबता. इकडचे म्हणाले, तुमची पट्टीच खोटी. पत्रं गेली, पत्रं आली, वर्तमानपत्रांनी आगीत तेल ओतलं. मधलीने या फरकाचा छडा लावायला जिवाचं रान केलं. एकामागून एक तीन शास्त्रीय कारणं तिने शोधून काढली. पहिलं नदीच्या वळणाचं, दुसरं तळाशी साचणाऱ्या गाळाचं, आणि तिसरं इतकं अवघड की त्याला परदेशात पदक मिळालं. त्या पदकाच्या जोरावर सरकारने तिला वाटाघाटींच्या मंडळात शास्त्रीय सल्लागार म्हणून घेतलं.

वाटाघाटी म्हणजे हिरव्या कापडाचं लांबच लांब टेबल, पाण्याचे ग्लास आणि न संपणारी भाषणं. पहिल्या दिवशी दोन तास कुणी कुठे बसायचं यातच गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी यांना खोटं ठरवलं, यांनी त्यांना. तिसऱ्या दिवशी मधलीने कंटाळून सांगितलं, "नदी इथून अर्ध्या तासावर आहे. एकदा जाऊन बघू या का?"

तोपर्यंत नदीवरून भांडणाऱ्या त्या वीस जणांपैकी मधली सोडून एकानेही नदी पाहिलेली नव्हती.

तिथून तो रिवाज पडला. प्रत्येक फेरीआधी दोन्हीकडची माणसं एका होडीत बसून पुलाखाली जात, पट्टी मोठ्याने वाचत, आणि तो आकडा आपल्या वहीत नाही, तर समोरच्याच्या वहीत, आपल्या हाताने लिहीत. नियम मधलीचाच. "स्वतःच्या वहीत माणूस खाडाखोड करतो," ती म्हणायची, "दुसऱ्याच्या वहीत कसं नीट लिहितो." मग इकडचं खातं कोष्टकातून तो आकडा जुळवून घ्यायचं आणि छापायचं, पुराच्या दिवसांत पलीकडेही कळवायचं.

पलीकडून तिच्या वहीत लिहायला यायचे ते एक इंजिनिअर. उंच, पाठीत थोडे वाकलेले, बोलायला मोजके. सुरुवातीला तेही पेनानेच लिहीत. अकरा वर्षांपूर्वी कधीतरी ते पेन्सिलीवर आले आणि कायमचे पेन्सिलवाले झाले. कानामागची पेन्सिल काढायची, आकडा लिहायचा, पेन्सिल पुन्हा कानामागे.

"तुमच्या देशात शाई संपली का हो?" मधली विचारायची.

"वय झालं बाई. हात चुकतो. पेन्सिल बरी," ते म्हणायचे.

दोघांची गट्टी जमली होती. ते हिच्या नवऱ्याच्या गुडघ्याची चौकशी करायचे, ही त्यांच्या बहिणीची, जी शिवणकाम करायची. मधलीच्या वहीला निळ्या कापडाचं कव्हर होतं, ते त्या बहिणीनेच शिवून पाठवलेलं. दोन्ही देशांनी दोनदा एकमेकांचे राजदूत परत पाठवले, तेव्हाही होडी चुकली नाही. सचिवसाहेब, म्हणजे इकडच्या मंडळाचे प्रमुख, गमतीने म्हणायचे की दोन देशांमध्ये सध्या फक्त एक वही चालू आहे.

आणि बावीस वर्षांनी करार जुळून आला. पानं शंभराच्या वर होती, पण जीव एका ओळीत होता: पुलाखालचं पाणी सहा मीटरवर पोचलं, की इकडच्यांनी त्याच मिनिटाला पलीकडे फोन करायचा, म्हणजे तिथली खालच्या वस्तीतली माणसं हलवता येतील. ही ओळ मधलीची. ती घालायला तिने तेरा मसुदे फाडायला लावले होते. सही शुक्रवारी व्हायची होती, आणि त्याच महिन्यात तिची निवृत्ती. विद्यापीठालाही एकदम जाग आली. नदीच्या अभ्यासाचं एक नवं केंद्र काढायचं ठरलं आणि त्याला तिचं नाव. पाटी तयारसुद्धा झाली. रजिस्ट्रारांनी ती वर्तमानपत्रातून सोडवून तिला दाखवली. तिने पितळेच्या अक्षरांवरून एकदा बोट फिरवलं आणि "छान आहे" एवढंच म्हणाली. घरी येऊन मात्र नवऱ्याला तीनदा सांगितलं.

त्या आठवड्यातल्या मंगळवारी नवऱ्याने स्वयंपाकघर रंगवायला काढलं. निवृत्तीची भेट म्हणे. सकाळी दोघांनी मिळून सगळं सामान बाहेरच्या खोलीत हलवलं: भांडी, डबे, टेबल, चार खुर्च्या, औषधांचा खोका, कधीच न वाजणारा रेडिओ. तो गुडघ्याला हात लावत होता, ती त्याला रागावत होती. सगळं संपायला पाऊण तास लागला. शेवटी भिंतीवर उरलं ते चित्र.

"धर," तो स्टुलावरून म्हणाला. "काचेवर फोडणीची वाफ बसलीये. बाणसुद्धा दिसेना झालाय बघ."

तिने पदराने काच पुसली. बाण दिसला. खाली पितळी खिळा, वर नव्या पट्टीचं शून्य, मध्ये चौदा.

एकतीस वर्षं रोज सकाळी चहा पिताना तिने ते चित्र पाहिलं होतं. पाहिलं म्हणजे नवऱ्याचं चित्र म्हणून पाहिलं, लग्नाची भेट म्हणून पाहिलं. ते मोजमाप म्हणून तिने वाचलं ते आज, कारण आज ते हातात होतं आणि टेकायला टेबल नव्हतं. शून्य वर सरकलं, म्हणजे नव्या पट्टीवर पाणी चौदाने कमी दिसणार. कमी दिसणार, म्हणजे जुळवताना चौदा मिळवायचे.

ती बाहेरच्या खोलीत गेली, खुर्च्यांच्या ढिगातून आपली पिशवी ओढून काढली आणि कराराला जोडलेलं कोष्टक उघडलं. तिच्याच वळणदार अक्षरात, तिच्याच सहीने तिथे लिहिलं होतं: वजा चौदा.

मिळवायच्या ऐवजी काढले होते. चौदा आणि चौदा, अठ्ठावीस. पलीकडचे तीस वर्षं ज्या फरकावरून बोंब मारत होते, तो साधारण एवढाच होता.

मधली मटकन खाली बसली. नदीचं वळण, तळाचा गाळ आणि परदेशी पदक, तिन्ही एका क्षणात पाण्यात गेली. पण खरा घाव तो नव्हता. आकडे जुळले असते तर भांडण झालं नसतं. भांडण झालं नसतं तर वाटाघाटी नव्हत्या, कायद्याचा वर्ग नव्हता, दुसरी भाषा नव्हती, होडी नव्हती, पाटी नव्हती. जिला सगळे भांडणं मिटवणारी म्हणत, तिनेच हे भांडण लावलं होतं.

नवरा कुंचला घेऊन दारात आला. तिने चित्र आणि कोष्टक शेजारी शेजारी ठेवलं. त्याला कळायला अर्धं मिनिट लागलं.

"माझं चित्र बरोबर आहे," तो हळूच म्हणाला.

"तुमचं बरोबरच आहे हो," ती म्हणाली, आणि रडू लागली. तो तसाच, रंगाच्या हातांनी तिच्याजवळ बसून राहिला.

दुपारी ती सचिवसाहेबांकडे गेली. साहेब वाईट माणूस नव्हते, दमलेले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून डोळे चोळले.

"मॅडम, शुक्रवारी सही आहे. आज आपण म्हणायचं की तीस वर्षं तेच खरं बोलत होते? ते उठून जातील. त्यांच्याकडे नाचायला लोक तयारच आहेत."

"पण सहा मीटर म्हणजे आता सहा मीटर नाही राहिलं, साहेब. आपण छापतो सहा, तेव्हा खरं पाणी सहा-अठ्ठावीसवर असतं. फोन उशिरा जाणार."

"सही होऊ द्या. सहा महिन्यांनी एक दुरुस्तीपत्रक काढू. तळटीप. कुणाच्या लक्षातही येणार नाही. तुमचं नाव राहील, करार राहील."

"आणि या सहा महिन्यांत पूर आला तर?"

साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला आणि शुक्रवारची कागदपत्रं पुढे ओढली. आणि खरं सांगायचं तर मधलीनेही दुसऱ्यांदा विचारलं नाही. जिना उतरताना तिला एकदम हलकं वाटलं, आणि ते हलकं वाटणं तिला मुळीच आवडलं नाही.

"चित्र फडताळात ठेवू का?" घरी नवऱ्याने विचारलं.

"ठेवा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भिंत वाळली आणि सामान परत आत न्यायची वेळ आली. भांडी, डबे, टेबल, खुर्च्या. मधलीची नजर घड्याळाकडे जात होती. नदी फुगते तेव्हा अठ्ठावीस सेंटिमीटर चढायला तिला किती वेळ लागतो, हे मधलीइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? रेडिओ जागेवर ठेवला तेव्हा पाऊण तास झाला होता. नदीलाही बरोबर तेवढाच लागतो. पाऊण तासात दोन म्हातारी माणसं, त्यातलं एक गुडघेदुखीचं, अख्खं स्वयंपाकघर कोरड्या जागी नेऊ शकतात. पलीकडच्या खालच्या गल्लीतल्या माणसांचा हा पाऊण तास तिच्या एका वजाबाकीत गेला होता.

तिने फडताळ उघडलं आणि चित्र बाहेर काढलं.

"जाड पिशवी द्या," ती नवऱ्याला म्हणाली. "काच फुटायला नको."

शुक्रवारी सभागृहात फुलं होती, कॅमेरे होते, दोन झेंडे, दोन पेनं. सचिवसाहेबांनी मधलीच्या हातातली पिशवी पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. ती त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, "साहेब, माफ करा. मला जमत नाहीये." मग ती उभी राहिली, कॅमेरेवाल्यांना बाहेर पाठवायची विनंती केली, चित्र हिरव्या कापडावर ठेवलं आणि पलीकडच्यांच्या भाषेत सगळं सांगितलं. कोष्टक कुणाचं, चूक कुठे, फरक किती. सरकारची चूक, खात्याची चूक असं काही न म्हणता, माझी चूक असं म्हणाली. एका हाताने टेबलाची कड धरून ठेवली होती.

पलीकडचे मंत्री ताडकन उठले. "म्हणजे आम्ही इतकी वर्षं सांगत होतो तेच खरं! आणि तुम्ही आम्हाला खोटारडे म्हणत आलात! यांच्या कुठल्या आकड्यावर आता विश्वास ठेवायचा?" त्यांनी कागद गोळा करायला सुरुवात केली. त्यांच्या मागची माणसं उठली. बावीस वर्षं उठून दाराकडे निघाली होती.

"साहेब, थोडं थांबता का?" मागून आवाज आला. पेन्सिलवाले होते. बावीस वर्षांत भर सभेत ते पहिल्यांदाच न विचारता बोलत होते.

त्यांनी एक जाडजूड वही टेबलावर ठेवली. डाव्या बाजूला इकडच्या खात्याने छापलेले आकडे, आणि प्रत्येकाच्या शेजारी पेन्सिलीने दुसरा आकडा. मंत्र्यांनी पान उलटलं, अजून एक उलटलं. प्रत्येक ठिकाणी अठ्ठावीस मिळवलेले.

"अकरा वर्षांपूर्वी नदी फार आटली होती," पेन्सिलवाले म्हणाले. "या बाई तापाने आजारी होत्या, होडीत आल्या नव्हत्या. पट्टीच्या खाली जुना पितळी खिळा उघडा पडलेला मला दिसला. मी मोजला, शून्याच्या चौदा खाली होता; आणि होडीतला आकडा छापताना यांचं खातं उलट चौदा काढायचं. तेव्हापासून मी त्यांच्या आकड्यात अठ्ठावीस मिळवतो आणि पुराच्या दिवसांत तेवढ्यावर आमच्या गल्ल्या रिकाम्या करतो."

"तुम्हाला माहीत होतं?" मंत्र्यांचा आवाज चढला. "आणि तुम्ही आम्हाला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर आपण काय केलं असतं, साहेब? जिंकलो असतो. यांना काढून टाकलं असतं, होडी बंद झाली असती, आणि मग आकडाच आला नसता. मला आकडा हवा होता." त्यांनी वहीवर बोट ठेवलं. "खोटं बोलणारा माणूस दर वेळी वेगळा चुकतो. पुरात जास्त लपवतो, उन्हाळ्यात कमी. या बाई अकरा वर्षं, पुरात आणि उन्हाळ्यात, फक्त अठ्ठावीसनेच चुकल्यात. इतक्या इमानाने चुकणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. आणि आता मीही निवृत्त होतोय. माझ्या जागी येणारा छापलेलंच वाचेल. आज त्या बोलल्या नसत्या, तर मला बोलावं लागलं असतं, आणि ते मला मुळीच नको होतं."

कुणीतरी हसलं. कोण ते कळलं नाही, पण मंत्र्यांना पुन्हा बसायला तेवढं कारण पुरलं. जेवणाची सुट्टी जाहीर झाली.

सुट्टीत मधली त्यांना व्हरांड्यात गाठून म्हणाली, "एकोणीस वर्षांपूर्वीचा पूर. तुमची खालची गल्ली बुडाली होती."

"हो."

"तेव्हा पाऊण तास आधी कळलं असतं तर?"

पेन्सिलवाल्यांनी कानामागची पेन्सिल काढून हातात घेतली. "तेव्हा मलाही माहीत नव्हतं, बाई. माणसं सगळी वाचली. माझी बहीण त्याच गल्लीत राहायची. तिचं शिवणयंत्र गेलं." मग तिचा चेहरा बघून घाईने म्हणाले, "तुमच्या वहीचं कव्हर तिने नव्या यंत्रावर शिवलंय. चांगलं चालतं ते."

मधलीला हसावं की रडावं कळेना. तिने दोन्ही केलं.

सही त्या दिवशी झाली नाही. तीन आठवड्यांनी झाली, कॅमेऱ्यांशिवाय, आणि सहा मीटरच्या जागी नवा आकडा आला. कराराच्या शेवटी ज्यांनी ज्यांनी कष्ट घेतले त्यांची यादी होती, त्यात तिचं नाव नव्हतं. पदक तिने स्वतःच पत्र लिहून परत केलं. केंद्र निघालं, पण त्याला नदीचं नाव दिलं, आणि पितळी पाटी रजिस्ट्रारांच्या कपाटात पुन्हा वर्तमानपत्रात गेली. बिनपाटीच्या खोलीतून तिने तीन खोकी आणि एक कुंडी घरी आणली. थोरलीने फोनवर विचारलं, "वाईट वाटतंय का गं?" मधली म्हणाली, "पाटीचं वाटतंय." खोटं बोलण्यात अर्थ नव्हता, थोरलीला लगेच कळलं असतं.

निवृत्तीनंतर दोन महिन्यांनी खांब खालून दुरुस्त करून पुलाखाली नवी पट्टी बसली, शून्य थेट जुन्या पितळी खिळ्यावर. मधलीला आता कुणी अधिकृतपणे बोलावण्याचं कारण नव्हतं, पण पलीकडून पत्र आलं की होडीत एक जागा ठेवली आहे. नवराही निघाला. गुडघ्यामुळे त्याला होडीत चढता येईना, म्हणून तो काठावरच्या त्याच दगडावर वही घेऊन बसला.

"खिळा आणि शून्य, अंतर किती?" तो काठावरून ओरडला.

"काही नाही!" ती ओरडली.

"किती?"

"शून्य! चौदा वेळा सांगू का?"

होडीतले सगळे हसले. पट्टी मोठ्याने वाचली गेली. मधलीने निळ्या कव्हराची वही उघडून पेन्सिलवाल्यांसमोर धरली. त्यांनी सवयीने कानामागे हात नेला, पेन्सिल काढली, एकदा पट्टीकडे पाहिलं. मग पेन्सिल खिशात टाकली आणि तिच्यापुढे हात केला.

"पेन द्या बाई तुमचं," ते म्हणाले.